डिप्रेशननंतर कामावर रुजू व्हायचं का, हे हृदयाच्या ठोक्यांना विचारता येतं का?

समजा एक माणूस सहा महिने सुट्टीवर आहे. आता झोप बऱ्यापैकी लागतेय, जेवण जातंय, सकाळी उठून नुसती अंघोळ करायची म्हटलं तरी डोंगर चढल्यासारखं वाटायचं ते आता होत नाही. मग सगळ्यात अवघड प्रश्न समोर येतो, कामावर कधी जायचं? घरचे म्हणतात अजून थोडं थांब, ऑफिसवाले म्हणतात तारीख सांगा, डॉक्टर विचारतात तुम्हाला स्वतःला काय वाटतं, आणि या बिचाऱ्याला आपल्याला काय वाटतंय हेच तर गेले सहा महिने नीट कळत नव्हतं, आता एकदम त्याच्याच उत्तरावर सगळं येऊन थांबलेलं असतं.

डॉक्टरांकडे प्रश्नावली असते. पीएचक्यू-९ खूप ठिकाणी वापरतात, त्यात नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला असं विचारतात, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, म्हणजे जास्तीत जास्त २७. स्कोअर ५ च्या खाली आला की साधारणपणे आजाराची लक्षणं ओसरली असं धरतात. पण नीट बघा, त्यात विचारलंय काय? मन उदास असतं का, झोप लागते का, थकवा येतो का. दिवसभर स्क्रीनसमोर बसून मधे तीनदा फोन आला तरी हातातलं काम सुटणार नाही ना, असं कुठे विचारलंय? लक्ष लागण्याबद्दल एक प्रश्न आहे, पण तो पेपर वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागतं का असा आहे, आणि घरी सोफ्यावर पेपर वाचणं वेगळं आणि डेडलाईन डोक्यावर असताना वाचणं वेगळं. मूड आधी सुधारतो, डोकं पटपट चालणं, दोन गोष्टी एकदम लक्षात ठेवणं, चटकन निर्णय घेणं हे कित्येकांचं बरंच नंतर येतं. बाहेरून माणूस ठीक दिसतो आणि आतून दुपारी दोनला बॅटरी संपलेली असते.

त्यात परत फॉर्म भरणारा माणूस काही हवेत बसून भरत नाही. पगार अडकलेला असला तर पेन आपोआप शून्याकडे सरकतं. उलट ज्याला ऑफिसच्या नुसत्या विचाराने धडधडतं तो हाताला लागेल ते ३ टिक करतो. कोणी मुद्दाम खोटं बोलत नसतं. म्हणून मग डॉक्टरांना वाटायला लागतं की शरीरातच असं काहीतरी मोजता आलं तर बरं, जे माणसाच्या घाईवर किंवा भीतीवर अवलंबून नाही. इथे हृदयाचे ठोके येतात.

नाडी म्हणजे मिनिटाला ७२, ७५ वगैरे हे सगळ्यांना माहिती आहे. इथे तो आकडा नकोच आहे. इथे बघायचं असतं ते दोन ठोक्यांमधलं अंतर, आणि ते अंतर दर वेळी किती बदलतं ते. आपल्याला वाटतं निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिक करत असेल. अजिबात नाही! नाडी ६० असली तरी प्रत्येक ठोका बरोबर एका सेकंदाने पडत नाही, एकदा १००० मिलिसेकंद, मग १०४०, मग ९८०, मग १०१० असं चालतं. या चढउताराला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणतात, थोडक्यात एचआरव्ही.

हे मोजायची एक साधी रीत दाखवतो, म्हणजे मनगटावरचं स्मार्टवॉच एचआरव्हीचा जो आकडा दाखवतं तो कुठून येतो ते कळेल. वरचेच चार आकडे घ्या. लागोपाठच्या दोघांमधला फरक काढा, ४०, ६०, ३०. त्यांचे वर्ग १६००, ३६००, ९००. बेरीज ६१००, तीनने भागा, साधारण २०३३, त्याचं वर्गमूळ ४५. झालं, एचआरव्ही ४५ मिलिसेकंद. याला आरएमएसएसडी म्हणतात आणि बरीचशी घड्याळं आणि ॲप्स हाच आकडा किंवा त्यावरून बनवलेला काहीतरी स्कोअर दाखवतात. खरं मोजताना अर्थात चार ठोके नाही, निदान पाच मिनिटांचे घेतात, किंवा छातीला मशीन लावून अख्खे २४ तास. ही पाच मिनिटं आणि २४ तासांची पद्धत १९९६ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून नियम ठरवले तेव्हापासून रुळली.

आता हा चढउतार येतो कुठून, कारण सगळी गोष्ट यावरच उभी आहे. हृदयाचा स्वतःचा एक पेसमेकर असतो, सायनस नोड, त्याला एकटं सोडलं तर तो मिनिटाला साधारण १०० च्या वेगाने चालेल. मग आपली शांत बसल्यावरची नाडी ७० कशी? कारण मेंदूतून एक लांबलचक नस खाली येते, व्हेगस, ती सतत ब्रेक दाबून असते. उतारावर सायकल चालवताना आपण ब्रेक पूर्ण सोडत नाही, जरा दाबतो, जरा सोडतो, तसं. ज्यांना ऑपरेशन करून दुसऱ्याचं हृदय बसवलेलं असतं त्यांच्यात हे फार स्पष्ट दिसतं, ऑपरेशनमध्ये नसा कापल्या जातात म्हणून त्यांची नाडी आरामात बसलेले असतानाही ९०-१०० च्या आसपास राहते आणि ठोके जवळजवळ एकसारखे पडतात. म्हणजे एकसारखे ठोके हे आरोग्याचं लक्षण नाही, ब्रेकची वायर तुटल्याचं लक्षण आहे.

व्हेगसचा ब्रेक फार चपळ असतो, एका सेकंदाच्या आत लागतो आणि सुटतो. दुसरी बाजू सिंपथेटिक नसांची, म्हणजे ॲक्सिलरेटर, तो हळू, असर दिसायला काही सेकंद लागतात. त्यामुळे एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत जो झटपट फरक पडतो तो मुख्यतः व्हेगसचा. हे स्वतः करून बघता येतं, मनगटावर बोट ठेवा आणि सावकाश खोल श्वास घ्या, आत घेताना ठोके जरा भरभर होतात, सोडताना मंदावतात. बऱ्याच जणांना आयुष्यात पहिल्यांदा हे जाणवतं तेव्हा भीती वाटते की हृदय बिघडलंय की काय. बिघडलेलं नाही, ब्रेक काम करतोय.

(व्हेगस रसायन सोडून हृदय मंद करते हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या हृदयावर दाखवलं, आणि हा प्रयोग आपल्याला झोपेत सुचला असं ते सांगायचे, १९३६ मध्ये नोबेलही मिळालं. विषयाशी थेट संबंध नाही पण झोपेची किंमत सांगायला बरं उदाहरण आहे.)

मग डिप्रेशनचा आणि या ब्रेकचा काय संबंध? मेंदूचा पुढचा भाग, कपाळामागचा, हा विचार करणं, थांबणं, भीतीला आवर घालणं ही कामं करतो. आतमध्ये धोक्याची घंटा वाजवणारे भाग असतात, त्यांना हा पुढचा भाग सांगतो की अरे काही नाही, बॉसचा मेल आहे फक्त, वाघ नाही. ज्युलियन थेयर आणि रिचर्ड लेन यांनी २००० साली एक मांडणी केली की भावनांना आवर घालणारी ही मेंदूतली वायरिंग आणि व्हेगसचा ब्रेक चालवणारी वायरिंग एकमेकांत गुंतलेली आहे. तसं असेल तर ठोक्यांमधला चढउतार ही मेंदूच्या त्या आवर घालण्याच्या ताकदीची लांबून दिसणारी सावली झाली. सावलीच हं, चेहरा नाही.

आणि खरंच, डिप्रेशन असलेल्या लोकांचे गट आणि नसलेल्यांचे गट बाजूला ठेवून बघितले तर डिप्रेशनवाल्या गटाची एचआरव्ही सरासरीने कमी येते. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हे तपासलं गेलं, हृदयाचा आजार नसलेल्या लोकांमध्येही फरक दिसला. पण फरक मोठा नाही. शिवाय त्याच्या दोन वर्षं आधी नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की या फरकाचा बराच भाग आजारामुळे नसून डिप्रेशनच्या गोळ्यांमुळे असू शकतो. यावर तज्ज्ञांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. एका प्रकारच्या गोळ्यांबद्दल मात्र वाद नाही, ट्रायसायक्लिक, म्हणजे अमिट्रिप्टिलिन वगैरे जुन्या गोळ्या. व्हेगस ज्या रसायनातून हृदयाशी बोलते त्याचीच वाट या गोळ्या काही प्रमाणात अडवतात, म्हणून एचआरव्ही खाली येते. आता विचार करा, गोळी लागू पडली, माणूस हसायला लागला, आणि मशीन सांगतंय तब्येत खालावली! उलट बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद करणाऱ्या गोळ्या, घेणाऱ्याचा आकडा काही न करता चांगला दिसू शकतो. त्यामुळे कोणती गोळी चालू आहे हे माहीत नसताना नुसता आकडा वाचणं म्हणजे पाकीट न उघडता पत्राचं उत्तर लिहिणं.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग सोडून द्या हा विषय. पण मला यातली खरी कामाची कल्पना पुढे आहे असं वाटतं, ती म्हणजे शांत बसलेलं असताना आकडा किती हे बघायचंच नाही, ओझं टाकल्यावर तो काय करतो हे बघायचं.

जपानमध्ये डिप्रेशनमुळे सुट्टीवर गेलेल्या लोकांसाठी रिवर्क नावाचे प्रोग्राम चालतात, ठरलेल्या वेळेला यायचं, टेबलाशी बसून वाचन-लेखन करायचं, गटात काम करायचं, थोडक्यात ऑफिसची रंगीत तालीम. तिथल्या संशोधकांनी ठोक्यांची मापं कामावर परतायच्या प्रश्नासाठी वापरून बघितली आहेत आणि त्यातली एक पद्धत अगदी सोपी आहे. आधी माणसाला काही मिनिटं शांत बसवतात. मग एक काम देतात, उदाहरणार्थ ० ते ९ मधले आकडे कुठलाही क्रम न लावता बोलत राहायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो ना? करून बघा. सात, दोन, नऊ, चार, पाच... आणि सहा तोंडाशी येतोच, तो थांबवावा लागतो. मघाशी कुठला बोललो ते लक्षात ठेवायचं, सवयीचा क्रम दाबायचा, नवा निवडायचा, आणि हे थांबायचं नाही. कपाळामागच्या भागाला घाम फुटतो. मग काम बंद, परत शांत बसायचं. ठोके तिन्ही टप्प्यांत चालू मोजायचे.

निरोगी माणसात चित्र साधारण असं दिसतं, शांत बसल्यावर व्हेगसचा ब्रेक नीट दाबलेला, कामाला लागल्यावर ब्रेक सुटतो आणि ठोक्यांमधला चढउतार कमी होतो, काम संपलं की थोड्या वेळात परत जागेवर. दरीसारखा आकार, खाली जाऊन वर. डिप्रेशनमध्ये अनेकदा सुरुवातच खालून होते, म्हणजे माणूस खुर्चीत नुसता बसलाय तरी शरीर आधीच कामावर असल्यासारखं, मग काम दिलं तर आणखी खाली जायला जागाच नाही, आणि काम संपलं तरी कळत नाही की संपलं. दरी नाही, सपाट माळ. आता ऑफिसचा दिवस डोळ्यासमोर आणा. मीटिंग, मग दहा मिनिटं मोकळी, मग कुणाचा तरी वैतागलेला मेल, मग जेवण, मग परत मीटिंग. ज्याचं शरीर त्या मोकळ्या दहा मिनिटांत खरंच विसावतं तो संध्याकाळपर्यंत टिकतो, ज्याचं नाही विसावत तो सकाळची मीटिंग दुपारी तीनपर्यंत अंगात घेऊन फिरतो. म्हणून ही दरी परत येतेय का हे बघणं मला नुसता स्कोअर बघण्यापेक्षा कितीतरी जास्त अर्थाचं वाटतं.

यातही एक फसवणूक आहे. अशा रिपोर्टमध्ये अनेकदा एलएफ आणि एचएफ अशी दोन अक्षरांची मापं असतात. ठोक्यांच्या चढउतारातल्या जलद लाटा म्हणजे एचएफ, ०.१५ ते ०.४ हर्ट्झ, त्या श्वासाबरोबर येतात आणि व्हेगसच्या असतात. मंद लाटा म्हणजे एलएफ, ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ. पूर्वी असं मानायचे की एलएफ भागिले एचएफ म्हणजे ताण आणि आराम यांचा तराजू, आकडा मोठा तर ताण जास्त, आणि अजूनही कितीतरी मशीनच्या रंगीत रिपोर्टवर तसाच तराजू छापून येतो. पण एलएफ ही निव्वळ ताणाची लाट नाही, तिच्यात व्हेगसही असते, रक्तदाब सांभाळणारी यंत्रणाही असते. मजा बघा, तुम्ही अगदी सावकाश श्वास घेतला, मिनिटाला सहा, म्हणजे दहा सेकंदाला एक, म्हणजे ०.१ हर्ट्झ. श्वासाची लाट सरळ एलएफच्या खात्यात जाऊन पडली! माणूस प्राणायाम करून शांत झालाय आणि रिपोर्ट म्हणतोय भयंकर ताण. त्याच वेळी दुसरं माप, पूर्ण चढउताराचं, ते मात्र फुगलेलं दिसणार, म्हणजे ज्याला ही ट्रिक माहीत आहे तो हवा तसा आकडा काढून दाखवू शकतो. श्वास किती होता हे न नोंदवता केलेली टेस्ट मी तरी गंभीरपणे घेणार नाही.

आता नेमका निकाल द्यायचा म्हटलं तर काय होतं ते हिशोबाने बघू. आकडे माझे मनाचे आहेत, फक्त समजायला. १०० लोक सुट्टीवर आहेत, त्यातले ७० खरंच तयार, ३० नाहीत. टेस्ट दोन्ही बाजूंना ८० टक्के वेळा बरोबर निघते, ही बरी म्हणायची अशी टेस्ट. तर ७० तयार लोकांपैकी १४ जणांना ती सांगणार थांबा. ३० तयार नसलेल्यांपैकी ६ जणांना सांगणार जा. म्हणजे ज्या ३८ जणांना थांबवलं त्यातले १४, एक तृतीयांशाहून जास्त, उगाच घरी बसले. आणि ज्याला नुकतं कुठे आपण बरे झालो असं वाटायला लागलंय त्याला मशीनने सांगायचं की नाही रे बाबा, तू अजून आजारी आहेस, हे ऐकून काय होईल? त्या सहा जणांचं तर विचारूच नका, ते महिनाभरात परत सुट्टीवर आले की दुसऱ्या वेळचं परतणं आणखी अवघड होऊन बसतं.

सरासरी आणि एक माणूस यांतलं हे अंतर हृदयरोगातही आहे. १९८७ मध्ये हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ८०८ लोकांचा अभ्यास आला होता, ज्यांच्या २४ तासांच्या ठोक्यांचा एकूण चढउतार (हे माप वेगळं, वरच्या ४५ च्या आरएमएसएसडीशी याची तुलना करू नका) ५० मिलिसेकंदांच्या खाली होता त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० च्या वर असणाऱ्यांपेक्षा ५.३ पट निघाला. एवढा ठसठशीत फरक, तरीही त्यावरून समोरच्या एका पेशंटचं भविष्य नक्की सांगता येत नाही, तो फक्त धोक्याच्या कुठल्या गटात बसतो हे कळतं. डिप्रेशनमधला फरक तर याच्या जवळपासही नाही.

घड्याळाबद्दल थोडक्यात. मनगटावरचं घड्याळ हिरव्या उजेडाने रक्ताची लाट बघतं, झोपेत किंवा स्थिर बसल्यावर ते बऱ्यापैकी जमतं, हात हलला की गोंधळ. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा, ईसीजी सगळ्यात. वय वाढलं की आकडा खाली येतो, रात्री दारू झाली की खाली, ताप असेल तर खाली, चहा-कॉफी, सिगारेट, उभं की आडवं, सकाळ की संध्याकाळ सगळ्याचा फरक पडतो, मोजताना बोललात तरी पडतो. ठोके मुळातच अनियमित पडण्याचा आजार असेल, तर आकडा भलताच मोठा येतो आणि त्याचा आनंद मानायचं काही कारण नाही. म्हणून शेजारच्याचा ७० आणि माझा ३० अशी तुलना करण्यात अर्थच नाही, आपला आपल्याशीच बघायचा, रोज एकाच वेळी, एकाच पद्धतीने, आणि एका दिवसाचा नाही तर दोन-तीन आठवड्यांचा कल.

अजून एक, हा रिपोर्ट जातो कोणाकडे? पेशंट आणि डॉक्टर यांच्यात राहिला तर ती बोलायची सोय आहे. तोच कागद मॅनेजरच्या टेबलावर गेला की ती चाळणी होते, आणि चाळणी लागली की लोक बरे व्हायचं सोडून आकडा बरा करायच्या मागे लागतात, मिनिटाला सहा श्वासांची ट्रिक शिकायला कितीसा वेळ लागतो. माझं स्पष्ट मत आहे की हे माप नोकरी देणाऱ्याच्या हातात जाऊच नये, त्याला डॉक्टरांनी फक्त किती तास आणि कुठलं काम एवढं सांगावं.

मग उपयोग कुठे? कामावर जायचं की नाही यापेक्षा किती वेगाने जायचं, इथे मला तो दिसतो. परतायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून सकाळी उठल्यावर पाच मिनिटं मोजायचं, म्हणजे घरी असतानाची आपली नेहमीची पातळी कळते. मग अर्धा दिवस कामाला सुरुवात. पहिल्या आठवड्यात आकडा खाली येणारच, नाडी जरा वाढणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, निरोगी माणसालाही नवीन नोकरीत होईल. बघायचं ते सुट्टीच्या दोन दिवसांनंतर. सोमवारी सकाळी आकडा जुन्या पातळीच्या जवळ आला, झोप नीट आहे, आणि त्या माणसालाही वाटतंय की जमतंय, तर पुढच्या आठवड्यात तास वाढवायला हरकत नाही. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला नसतील, समजा तो म्हणतोय मस्त चाललंय पण दोन आठवडे झाले सकाळचा आकडा वर यायला तयार नाही आणि पहाटे चारला जाग येतेय, तर डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवून विचारावं की बाबा रे, दुपारनंतर नक्की काय होतं ते सांग. आकडा वर आहे पण तो म्हणतोय जमत नाहीये, तर त्याचं ऐकायचं, मशीनचं नाही, आणि तास आहेत तेवढेच ठेवून दोन आठवड्यांनी परत बघायचं.